लहान मुलग्यांमधील मूत्रमार्ग संसर्ग : जोखमीचे घटक आणि रामघाटावरील स्नानाचा प्रश्न

प्रस्तावना

उज्जैन येथील क्षिप्रा नदीचा रामघाट हे देशातील मोठ्या स्नानघाटांपैकी एक आहे. २०१६ च्या सिंहस्थात येथे लाखो यात्रेकरूंनी स्नान केले आणि पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये होणार आहे. मराठी माणसाला हे शहर परके नाही. शिंदे घराण्याची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला हलेपर्यंत उज्जैन हे मराठी सत्तेचे एक प्रमुख केंद्र होते आणि आजही तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांची व सहलींची संख्याही मोठी आहे.

अशा प्रवासाहून परतल्यावर घरातील लहान मुलाला ताप आला, लघवी करताना तो रडू लागला, तर घरातील मंडळी सहसा एकच कारण सांगतात : ‘नदीचे पाणी बाधले.’ हे कारण वरवर पटण्यासारखे आहे. नदी प्रदूषित आहे, मुलगा पाण्यात उतरला होता आणि त्रास लघवीच्या जागी आहे. परंतु वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष बहुतांशी चुकीचा ठरतो. चुकीचे कारण मनात धरल्यामुळे खऱ्या कारणाचा शोध लांबतो, आणि त्याची किंमत कधी कधी मुलाच्या मूत्रपिंडाला मोजावी लागते.

कम्युनिटी कॉलेजमध्ये आरोग्य सहायक, रुग्णसेवा, बालसंगोपन यांसारखे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांचे विद्यार्थी पुढे वस्तीवस्तीत काम करतात. आईने पहिला प्रश्न विचारावा अशा जागी ते असतात. त्यांना हा विषय नेमका समजावून देता यावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जंतू येतो कोठून?

मूत्रसंस्थेचे चार भाग आहेत : लघवी तयार करणारी दोन मूत्रपिंडे, ती खाली आणणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, ती साठवणारे मूत्राशय आणि बाहेर सोडणारी मूत्रनलिका. यांपैकी कोणत्याही भागात जंतूंची वाढ होऊन दाह निर्माण होणे म्हणजे मूत्रमार्ग संसर्ग. दाह मूत्राशयापुरता मर्यादित असेल तर जळजळ, वारंवार लघवी लागणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसतात. तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर थंडी वाजून ताप येतो, उलट्या होतात आणि कधी कुशीत दुखते.

बहुसंख्य रुग्णांमध्ये या संसर्गास ई. कोलाय नावाचा जंतू कारणीभूत असतो. तो बाहेरून आलेला परका नसतो. प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यात तो राहतो. मुलाच्या स्वतःच्या शौचातून तो गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर येतो, तेथून मूत्रनलिकेच्या तोंडाशी आणि मग वर चढून मूत्राशयात पोहोचतो. (नवजात अर्भकात मात्र तो रक्तातूनही मूत्रपिंडात उतरू शकतो.)

तोंडाशी जंतू असणे ही सर्वच मुलांची स्थिती आहे, तरी संसर्ग थोड्यांनाच होतो. याचे कारण लघवीचा प्रवाह. मूत्राशय वेळेवर आणि पूर्ण रिकामे होत असेल, तर वर चढलेले जंतू धुऊन निघतात. साठलेल्या लघवीत मात्र त्यांना वाढायला वेळ मिळतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे ३ तासांत ५१२ जंतू होतात. लघवीत ही वाढ काहीशी संथ असते, तरी तत्त्व तेच राहते. म्हणून जोखमीचे घटक अभ्यासताना एक सूत्र लक्षात ठेवावे : जे जे लघवीला साठवते, अडवते किंवा उलट फिरवते, ते ते जोखीम वाढवते.

नदीच्या पाण्याचा दोष किती?

क्षिप्रेचे पाणी स्वच्छ आहे असे कोणी म्हणणार नाही. इंदूरहून सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते. उन्हाळ्यात नदीचा स्वतःचा प्रवाह आटतो, म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानासाठीच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संख्या १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा मानली जाते. पाणी या मर्यादेबाहेर असेल, तर त्यापासून खरा धोका आहे तो पोटात गेलेल्या पाण्यातून होणाऱ्या जुलाबांचा, तसेच कान, डोळे व त्वचेच्या संसर्गाचा. मुले डुबकी मारताना पाणी गिळतात, त्यामुळे हा धोका त्यांना अधिक असतो.

मूत्रमार्ग संसर्गाचे तसे नाही. काही मिनिटांच्या स्नानात पाणी मूत्रनलिकेतून वर शिरत नाही. नदीस्नान हा मुलग्यांमधील जिवाणूजन्य मूत्रमार्ग संसर्गाचा प्रस्थापित जोखीम घटक नाही.

पाण्यात उतरल्याने मूत्राशयाचा आजार होण्याचे उदाहरण मुळीच नाही, असे मात्र नाही. ते आपल्याच राज्यात घडले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात लघवीतून रक्त जाण्याचे रुग्ण आढळले. गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. ते होते शिस्टोसोमा या परोपजीवी कृमीचे. गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात या कृमीची एक अवस्था वाढते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून ती आत शिरते. हा आजार जिवाणूंचा नव्हे, त्यासाठी ठरावीक जातीची गोगलगाय लागते आणि भारतात तो अपवादानेच आढळला आहे. गिमवीचा अनुभव असे शिकवतो की पाण्याला दोष देण्यापूर्वी पाण्यातून नेमके काय, कोणत्या मार्गाने शरीरात जाते, हे दाखवता आले पाहिजे. रामघाटावरील स्नान व मुलाची लघवीची जळजळ यांच्यात असा मार्ग दाखवता येत नाही.

मग यात्रेनंतर त्रास होतोच कसा? उत्तर पाण्यात नसून यात्रेच्या दिनक्रमात आहे. उज्जैनचा एप्रिल-मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जाणारा असतो. मूल घामाने कोरडे पडते आणि पाणी कमी पिते. गर्दीत, रांगेत, बसमध्ये लघवीला जायची सोय नसते, म्हणून ते तासन्‌तास लघवी धरून ठेवते. प्रवासात खाणे बदलते आणि बद्धकोष्ठता होते. थोडी, गडद आणि साठलेली लघवी ही स्थिती वर सांगितलेल्या सूत्रात तंतोतंत बसते.

वय : पहिले वर्ष सर्वांत नाजूक

मूत्रमार्ग संसर्ग हा मुलींचा आजार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. संपूर्ण बालपणाचा विचार केला तर तो बरोबरही आहे. स्वीडनमधील ग्योटेबोर्ग शहरात शाळाप्रवेशाच्या वयातील मुलांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात वर्षांपर्यंत ७.८ टक्के मुलींना व १.६ टक्के मुलग्यांना हा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. मुलग्याची मूत्रनलिका लांब असते आणि तिचे तोंड गुदद्वारापासून दूर असते, हे त्याचे नैसर्गिक संरक्षण आहे.

पण आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत हे चित्र उलटे असते. या काळात मुलग्यांना हा संसर्ग मुलींपेक्षा अधिक होतो. मूत्रसंस्थेतील जन्मजात दोष मुलग्यांमध्ये अधिक असतात, त्यांचा परिणाम याच वयात प्रकट होतो आणि अग्रत्वचेखाली जंतूंची वस्तीही याच वयात सर्वाधिक असते.

तान्ह्या बाळाचे लक्षण बोलके नसते, हीच खरी अडचण आहे. ते जळजळ सांगू शकत नाही. ताप, दूध न ओढणे, उलट्या, किरकिर, सुस्ती, वजन न वाढणे, नवजात अर्भकात लांबलेली कावीळ, एवढेच काय ते दिसते. घरात ‘दात येत आहेत’ किंवा ‘दृष्ट लागली’ म्हणून दिवस जातात. म्हणून एक वर्षाखालील मुलाला सर्दी-खोकला वा अन्य उघड कारण नसताना ताप आला, तर लघवीची तपासणी झालीच पाहिजे, हा नियम आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असावा.

अग्रत्वचा आणि सुंता

या विषयावर आपल्या वाचकांना अधिक विचारणा होते, म्हणून तो पुराव्यासह मांडणे आवश्यक आहे. जन्मतः जवळजवळ सर्व मुलग्यांची अग्रत्वचा शिश्नाग्रास चिकटलेली असते आणि मागे सरकत नाही. हा रोग नव्हे. ती वयानुसार आपोआप सुटत जाते. मात्र पहिल्या महिन्यांत तिच्या आतील पृष्ठभागावर ई. कोलाय सहज चिकटून राहतो. काही घरांत व मालिश करणाऱ्या बायकांकडून अंघोळीच्या वेळी ही त्वचा जोराने मागे ओढली जाते. त्यामुळे बारीक जखमा होतात, व्रण धरतात आणि पुढे त्वचा खरोखरच आवळली जाते. त्वचा ओढू नये, बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, एवढेच पुरे.

सुंतेमुळे या संसर्गाची जोखीम कमी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील बाळांच्या नोंदींवरून वायझवेल यांनी १९८० च्या दशकात हा मुद्दा प्रथम ठळकपणे पुढे आणला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार ताप असलेल्या तीन महिन्यांखालील मुलग्यांपैकी सुंता न झालेल्यांत सुमारे २० टक्के, तर सुंता झालेल्यांत सुमारे २.४ टक्के बाळांना मूत्रमार्ग संसर्ग आढळला.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे प्रमाण ताप असलेल्या बाळांमधील आहे, सर्व बाळांमधील नव्हे. निरोगी मुलग्यांत मुळात हा आजारच कमी असल्यामुळे, २००५ च्या एका विश्लेषणानुसार, एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १११ मुलांची सुंता करावी लागते. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांत हीच संख्या सुमारे ११ आणि लघवी उलट चढण्याचा तीव्र दोष असलेल्यांत सुमारे ४ इतकी खाली येते. म्हणून अशा निवडक मुलांना डॉक्टर वैद्यकीय कारणास्तव सुंता सुचवतात.

दुसरी गोष्ट वयाची. हा लाभ प्रामुख्याने पहिल्या वर्षातला आहे. अनेक कुटुंबांत सुंता चार ते सात वर्षांच्या दरम्यान केली जाते. तोवर अग्रत्वचेशी निगडित जोखीम बरीचशी ओसरलेली असते. धार्मिक परंपरा म्हणून कुटुंबाने निवडलेल्या वेळेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही, परंतु ‘पुढे सुंता होणारच आहे’ या भरवशावर तान्ह्या बाळाच्या तापाकडे दुर्लक्ष करता येत नाही. तसेच सुंता झालेल्या मुलालाही हा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ‘याची झाली आहे, याला होणार नाही’ असे गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असणे, या जन्मजात दोषात सुंता करू नये, कारण दोष दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेत हीच त्वचा वापरावी लागते. घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तेही आधी सांगावे. सुंता निर्जंतुक साधनांनी, प्रशिक्षित व्यक्तीकडूनच व्हावी.

जन्मजात रचनादोष

दोन दोष विशेष महत्त्वाचे आहेत. पहिल्या दोषात मूत्राशयातील लघवी मूत्रवाहिनीतून उलट मूत्रपिंडाकडे चढते. डॉक्टर यास रिफ्लक्स म्हणतात. मूत्रमार्ग संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण ३० ते ४० टक्क्यांमध्ये तो सापडतो. सौम्य असल्यास तो वयानुसार बरा होतो, तीव्र असल्यास जंतू थेट मूत्रपिंडात पोहोचवतो.

दुसरा दोष फक्त मुलग्यांत आढळतो. मूत्रनलिकेच्या मागील भागात जन्मतः पातळ पडदे असतात आणि ते प्रवाह अडवतात. सुमारे ५,००० ते ८,००० मुलग्यांमागे एकास हा दोष असतो. मूत्राशयावर व मूत्रपिंडांवर गर्भातच ताण पडत असल्याने यातील काही मुलांची मूत्रपिंडे पुढे निकामी होतात. गरोदरपणातील सोनोग्राफीत त्याचा संशय येऊ शकतो. जन्मानंतर मात्र सर्वांत आधी तो आईच्या लक्षात येऊ शकतो. मुलाची धार जोरदार व सलग नसणे, थेंबथेंब लघवी होणे, लघवीसाठी कुंथणे, ओटीपोटात फुगवटा जाणवणे ही त्याची चिन्हे आहेत. मुलाची धार एकदा नीट पाहणे ही कोणताही खर्च नसलेली तपासणी आहे.

सवयींशी निगडित घटक

दोन वर्षांनंतरच्या मुलग्यांत सवयी महत्त्वाच्या ठरतात. त्यांत बद्धकोष्ठता अग्रस्थानी आहे. मलाशय व मूत्राशय एकमेकांना लागून असतात. कडक मळाने भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते, त्यामुळे ते पूर्ण रिकामे होत नाही. अमेरिकेतील आयोवा येथे २३४ बद्धकोष्ठ मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ११ टक्के मुलांना मूत्रमार्ग संसर्ग होता. बद्धकोष्ठतेवर यशस्वी उपचार झाल्यावर, ज्यांना रचनादोष नव्हता अशा मुलांत तो पुन्हा झाला नाही. तरीही लघवीची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला शौचाविषयी विचारण्याची आपल्याकडे सवय नाही.

दुसरी सवय लघवी रोखण्याची. ‘मुलग्याला काय, कोठेही उभे राहता येते’ असे म्हणून त्यांच्या गैरसोयीकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात बालवाडी व पहिली-दुसरीतील लाजाळू मुलगे अस्वच्छ स्वच्छतागृहाच्या भीतीने दिवसभर लघवी धरून ठेवतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक शाळेत मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे बंधनकारक आहे, परंतु ते वापरण्याजोगे असणे आणि वर्ग चालू असताना जाण्याची मुभा असणे तितकेच गरजेचे आहे. लहान मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढण्याचे एक सोपे सूत्र आहे : वयात १ मिळवून ३० ने गुणावे. पाच वर्षांच्या मुलाची क्षमता अशा प्रकारे सुमारे १८० मिलिलिटर, म्हणजे एका लहान पेल्याएवढी होते. त्याने दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे स्वाभाविक आहे.

इतर घटकही नोंदवले पाहिजेत. तीव्र कुपोषणात प्रतिकारशक्ती घटल्याने संसर्ग वाढतो. मुतखडा, लघवीची नळी घातलेली असणे, पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषामुळे मूत्राशयाचे नियंत्रण नसणे यांमुळेही धोका वाढतो. किरकोळ कारणांसाठी दिलेली प्रतिजैविके आतड्यातील व त्वचेवरील उपकारक जंतू नष्ट करून त्रासदायक जंतूंना मोकळी जागा देतात. स्तनपान मात्र संरक्षक ठरते. डायपरचा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही, तरी ओला व घाण झालेला डायपर लगेच बदलावा.

निदान : आधी नमुना, मग औषध

उपचारातील सर्वांत नेहमीची चूक म्हणजे लघवी न तपासताच प्रतिजैविक सुरू करणे. दोन डोस पोटात गेल्यावर जंतूंची वाढ तपासणीत दिसत नाही, निदान कायमचे संदिग्ध राहते आणि रचनादोष शोधण्याची संधी हुकते. म्हणून कल्चरसाठी नमुना आधी घ्यावा. मोठ्या मुलाची मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी. चिकटवलेल्या पिशवीतील नमुन्यात त्वचेवरील जंतू मिसळतात, त्यामुळे त्यावरून संसर्ग निश्चित करता येत नाही. तान्ह्या बाळासाठी एक सोपी युक्ती २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तपासली गेली : थंड पाण्यात भिजवलेल्या कापडाने ओटीपोटावर हलके चोळल्यास पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली. नुसती वाट पाहिल्यास हे प्रमाण १२ टक्के होते. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा, शक्य नसल्यास थंड ठेवावा.

विलंब टाळण्याचे कारण गंभीर आहे. २०१० मधील एका आढाव्यानुसार पहिल्या संसर्गानंतर सुमारे १५ टक्के मुलांच्या मूत्रपिंडावर व्रण आढळतो. उपचार लांबले की त्याची शक्यता वाढते. व्रण मोठे असतील तर पुढे उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचा जुनाट विकार उद्भवू शकतो. ताप उतरला तरी औषधाचा क्रम पूर्ण करावा आणि तापासह झालेल्या पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी करून घ्यावी.

वर्गात शिकवताना

विद्यार्थ्यांना जोखीम घटकांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा प्रश्न विचारायला शिकवावे. मूल किती वयाचे आहे? तापाला दुसरे कारण दिसते का? धार कशी आहे? दिवसातून किती वेळा लघवी होते? शौच कडक होते का? पूर्वी असा ताप आला होता का? भावंडांपैकी कोणाला मूत्रपिंडाचा त्रास होता का? कोणते औषध आधीच सुरू झाले आहे? या आठ प्रश्नांत बहुतेक जोखीम घटक येऊन जातात. ‘कोठे अंघोळ केली?’ हा प्रश्न जुलाबाच्या रुग्णाला विचारावा. येथे त्याने फारसे हाती लागत नाही.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे आणि २०२८ मध्ये उज्जैन येथे सिंहस्थ होत आहे. त्या गर्दीत कुटुंबांना, स्वयंसेवकांना व आरोग्यपथकांना सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. मुलांना थोडे थोडे पाणी सतत पाजावे, दर दोन-तीन तासांनी आठवणीने लघवीला न्यावे, फळे व भाज्या चुकवू नयेत, नदीचे पाणी तोंडात जाऊ देऊ नये, आणि ताप आल्यास औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक घेण्याऐवजी लघवी तपासून घ्यावी.

समारोप

क्षिप्रा स्वच्छ झालीच पाहिजे, त्यासाठी कारणे पुष्कळ आहेत. पण उद्या ती निर्मळ वाहू लागली, तरी लहान मुलग्यांमधील मूत्रमार्ग संसर्ग त्यामुळे थांबणार नाही. कारण जंतू मुलाच्या स्वतःच्या शरीरात आहे, आणि त्याला संधी मिळते ती अडलेल्या, साठलेल्या व उलट फिरलेल्या लघवीत. बोट नदीकडे दाखवले की आईचे लक्ष मुलावरून हटते. ते पुन्हा मुलाकडे, त्याच्या धारेकडे, शौचाकडे आणि कारण न कळणाऱ्या तापाकडे वळवणे हे आरोग्यशिक्षकाचे काम आहे.